केक मधोमध बसतो: आधी काय तपासायचं, नंतर काय, आणि कुठे थांबायचं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमधले द्राक्षांचे दिवस, या दोन हंगामांत माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन येतात. "ताई, ओव्हनमध्ये इतका सुंदर फुगला होता, बाहेर काढला आणि बघता बघता मध्ये खड्डा पडला." गेल्या चौदा वर्षांत माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, गंगापूर रोडच्या आमच्या इमारतीत आणि सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत पसरलेल्या नात्यागोत्यात हा दोष मी इतक्यांदा निस्तरला आहे, की आता तीन-चार प्रश्न विचारले तरी बहुतेक वेळा कारण हाती लागतं. ते प्रश्न आणि त्यामागची कारणं इथे क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. केक बसला की बहुतेक जण रेसिपी बदलतात. दुसऱ्या दिवशी नवी रेसिपी, दुसरा टिन, वेगळं पीठ, ओव्हनही दहा अंश वाढवलेला. तोही केक बसतो, आणि आता नेमकं काय चुकतंय हे कळायला मार्गच उरत नाही. रेसिपी बहुतेक वेळा निर्दोष असते. तोच केक पुन्हा करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नवे पदार्थ करून बघायची हौस मला भरपूर आहे, नागलीपासून (म्हणजे नाचणीपासून) द्राक्षांपर्यंत सगळं या ओव्हनमधून गेलंय. पण ज्या दिवशी दोष शोधायचा, त्या दिवशी प्रयोग बंद.

लक्षणं

बसलेला केक लगेच फेकू नका, क्रीमखाली लपवूही नका. पूर्ण गार होऊ द्या, बरोबर खड्ड्यातून उभा काप द्या आणि तो तुकडा खिडकीशी उजेडात धरा. कारण आतच लिहिलेलं असतं.

खड्ड्याखाली ओलसर, चिकट, शिऱ्यासारखा पट्टा दिसतोय आणि बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटांत केक खाली गेला, तर तो आतून कच्चा राहिला होता. माझ्याकडे आलेल्या केकांपैकी निम्म्याहून जास्त या प्रकारातले.

केक ओव्हनमध्ये असतानाच पंधरा-वीस मिनिटांत भराभर वर आला, टिनच्या काठापर्यंत पोचला आणि तिथेच बशीसारखा खाली गेला. कापल्यावर आत भाजलेला आहे, पण मोठमोठी छिद्रं, हाताला भुरभुरीत, जिभेला किंचित साबणासारखी किंवा खारट चव. इथे सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त झाली आहे.

वरचा भाग लवकर गडद तांबूस झाला, उंच घुमट आला, तडकला आणि नंतर मधोमध बसला: ओव्हन सांगितलेल्यापेक्षा जास्त तापतोय.

फुगलाच नाही, सगळीकडे सारखाच दाट आणि बुडाशी रबरासारखा थर. हा खरं तर बसलेला केक नाही, न उठलेला केक आहे. बेकिंग पावडर मेलेली आहे, किंवा मिश्रण फार वेळ बाहेर राहिलं, किंवा मैदा घातल्यावर फार फेटलं गेलं.

एक बाजू उंच, एक बाजू खाली असेल तर ओव्हन किंवा ओटा समतल नाही, किंवा एका बाजूची आच जास्त आहे. रिकाम्या ओव्हनच्या जाळीवर थाळीत थोडं पाणी ओतून ठेवा, कल लगेच दिसतो.

आणि गार होताना केक दोन-चार मिलिमीटर खाली येतो तो दोष नाही. आतली वाफ आणि गरम हवा आकसते, तेवढा तो येणारच. त्याच्या मागे लागू नका.

सगळ्यात आधी, फुकटातल्या तपासण्या

पहिला प्रश्न मी हाच विचारते: दार किती वेळा उघडलं? केक म्हणजे बुडबुड्यांचा ढीग. सुरुवातीला या बुडबुड्यांच्या भिंती ओल्या आणि लवचीक असतात, त्यांना आतली वाफ आणि वायूच उभं धरून ठेवतात. पुढे मैद्यातला स्टार्च फुगून घट्ट होतो, अंड्यातली प्रथिनं आवळतात, तेव्हा कुठे त्या भिंती स्वतःच्या पायावर उभ्या राहतात. हे व्हायच्या आत दार उघडलं की छोट्या ओटीजीमधली (ओट्यावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनमधली) गरम हवा क्षणात बाहेर जाते, बुडबुडे आकसतात आणि ओल्या भिंती कोसळतात. रेसिपीत ३५ मिनिटं दिली असतील तर पहिली २५ मिनिटं दाराला हात लावू नका. काचेतून बघा, दिवा नसेल तर मोबाइलचा उजेड पाडा.

दुसरा प्रश्न: काडी कुठे टोचली? कडेला टोचलेली काडी कोरडीच येते, कारण कडा आधी भाजतात. टोचायचं बरोबर मधोमध, तळापर्यंत. काडीवर ओलं मिश्रण नको, एखाद-दोन ओलसर कण चालतात. काडी गुळगुळीत असेल तर तिला काही चिकटत नाही आणि ती आपल्याला फसवते, म्हणून लाकडी वापरा. तिच्या जोडीला आणखी दोन खुणा बघा: केक टिनच्या कडेपासून जरासा सुटलेला असतो, आणि मध्ये बोटाने हलकं दाबलं तर परत वर येतो. तिन्ही खुणा जुळल्याशिवाय काढू नका. घरात अन्नात खुपसायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९५ अंशांच्या पुढे गेला की केक झाला.

बाहेर काढल्यावर तो थेट पंख्याखाली किंवा थंड कडप्प्यावर ठेवायची घाई नको. जाळीवर, टिनमध्येच दहा मिनिटं.

याच टप्प्यावर एक गैरसमज दूर करते, कारण तो दर वर्षी ऐकायला मिळतो. "नाशिक उंचावर आहे ना, म्हणून बसत असेल." नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. इथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांना उकळतं, फरक एवढाच. उंचीसाठी सोडा-साखर कमी करायचे जे नियम सांगतात ते साधारण हजार मीटरच्या पुढच्या गावांसाठी आहेत. आपल्याकडे केक बसला तर त्याचं कारण स्वयंपाकघरातच सापडतं.

मापं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचे तीन केक लागोपाठ बसले. मी खाली बोलावून घेतलं आणि म्हटलं, "काकू, तुमचा कप घेऊन या." त्यांनी आणला तो चहाचा मोठा मग. त्यात पाणी भरून मोजलं तर ३०० मिलिलिटरच्या वर! मैदा, साखर, दूध सगळं त्याच मगाने, म्हणजे प्रमाण बरोबर. पण अंडी रेसिपीप्रमाणे तीनच आणि टिनही तोच. मिश्रण सव्वापट झालं होतं आणि त्याला बांधून ठेवणारी अंडी तेवढीच राहिली होती.

बाजारात २००, २४० आणि २५० मिलिलिटरचे कप 'कप' म्हणूनच मिळतात. कुठलाही एकच वापरा, पण तो रेसिपीवाल्याचाच आहे ना ते बघा. चमच्याचं माप त्याहून नाजूक. रेसिपीतला छोटा चमचा ५ मिलिलिटरचा आणि सपाट असतो. आपण वरणाला हळद घालावी तसा शिगोशीग भरला तर बेकिंग पावडर जवळपास दुप्पट पडते. साध्या केकला एक कप मैद्यामागे एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर पुरते. खायचा सोडा वापरत असाल तर पाव चमचा, कारण तो तीन-चारपट तीव्र असतो. जास्त वायू झाला की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, भिंती ताणून पातळ होतात आणि घट्ट व्हायच्या आत फुटतात. जास्त फुगावा म्हणून जास्त घातलेली पावडरच केक बसवते, हे पटायला वेळ लागतो. एकदा करून बघा, पटेल.

कपात मैदा दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो, चाळून हलक्या हाताने भरला तर १२०-१२५. या एका कारणासाठी मी प्रत्येकीला सांगते, डिझायनर टिन आणि रंगीत नोझल नंतर घ्या, आधी तीनचारशे रुपयांचा डिजिटल काटा घ्या.

बेकिंग पावडर जिवंत आहे का

कपभर कढत पाण्यात एक चमचा बेकिंग पावडर टाका. लगेच जोरात फसफसली तर ठीक. दोन-चार बुडबुडे येऊन गप्प बसली तर डबा बदला. सोड्यासाठी पाण्याऐवजी लिंबाचा रस घ्या.

पावडर मरते ती दमटपणामुळे. १८४३ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी जी बेकिंग पावडर बनवली, तिच्यात सोडा आणि आम्ल यांच्या जोडीला स्टार्चही होता, दोघांना कोरडं आणि एकमेकांपासून दूर ठेवायला. आजच्या डब्यातही स्टार्च त्यासाठीच असतो. ओला चमचा बुडवला किंवा पावसाळ्यात डबा उघडा राहिला की सोडा आणि आम्ल डब्यातच आपलं काम उरकून घेतात. इथे जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, तेव्हा मोठा डबा घेण्यापेक्षा छोटा घ्या, उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा कढत पाण्यात तपासा.

फ्रूट सॉल्ट घालून केलेल्या बिनअंड्याच्या केकबद्दल एवढंच: ते ओल्या मिश्रणात पडताक्षणी उसळतं आणि थोड्याच वेळात थंडावतं. ओव्हन आधी तापलेला हवा, टिन तुपाचा हात लावून तयार हवा, मगच ते घाला. ढोकळ्याला आपण आधी पाणी उकळत ठेवतो ना, तसंच.

टिन

आठ इंची टिनची रेसिपी सहा इंची टिनमध्ये ओतली तर मिश्रणाची उंची जवळजवळ पावणेदोन पट होते. कडा भाजून तयार, मधला भाग कच्चा, आणि केक काढायची वेळ मात्र रेसिपीत छापलेली. टिन निम्मा ते फार तर दोन-तृतीयांश भरा. उरलेल्या मिश्रणाचे कपकेक करा, मुलं खूश होतात. भांडी बाजारात टिन घ्यायला गेलात तर 'अर्धा किलोचा', 'एक किलोचा' असं सांगून देतात. घरून पट्टी न्या आणि आतला व्यास मोजूनच घ्या.

लोणी, अंडी आणि नाशिकची हवा

इथे जरा थांबते, कारण हा आपल्या गावाचा खास दोष आहे आणि बाहेरच्या रेसिपीत तो कधीच लिहिलेला नसतो. 'लोणी रूम टेंपरेचरला हवं' असं सगळे लिहितात. कुणाच्या रूमच्या? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, निफाडला तर त्याहूनही. अशा दिवशी फ्रिजमधून काढलेलं लोणी दोन तास ओट्यावर ठेवलं तरी विटेसारखं असतं. एप्रिलमध्ये तेच लोणी अर्ध्या तासात तेलकट होऊन वाटीत पसरतं.

याने काय बिघडतं? बेकिंग पावडर नवे बुडबुडे जन्माला घालत नाही. लोणी आणि साखर फेसताना जे बारीक बुडबुडे तुम्ही आत अडकवता, त्यांनाच ती मोठं करते. कडक लोण्यात हवा शिरत नाही, पातळ झालेल्या लोण्यात ती टिकत नाही. दोन्ही वेळा बुडबुडे थोडे आणि मोठे राहतात, सगळा वायू त्यांच्यातच भरतो आणि ते फुटतात. त्यात फ्रिजमधली गार अंडी घातली की फेसलेलं लोणी फाटल्यासारखं दाणेदार दिसू लागतं. म्हणजे होती ती हवाही गेली.

थंडीत मी लोण्याचे छोटे तुकडे करते आणि स्टीलच्या पातेल्यात घालून ते पातेलं कोमट पाण्याच्या परातीत पाच मिनिटं ठेवते. बोट दाबलं की खळी पडावी, पण लोणी चकाकू नये, एवढंच मऊ. अंडी सालीसकट कोमट पाण्यात दहा मिनिटं. उन्हाळ्यात उलट: केक सकाळी आठच्या आत, आणि लोणी चकाकायला लागलं की पातेलं दहा मिनिटं फ्रिजमध्ये. माझ्या जाऊबाई सातपूरला राहतात. त्यांचा केक फक्त थंडीतच बसायचा. त्यांना सगळं बदलून झालं होतं, ओव्हनसुद्धा. कोमट पाण्याच्या परातीने तो प्रश्न सुटला.

फेसायला पाच-सात मिनिटं द्या, रंग पांढुरका होईपर्यंत. मैदा घातल्यावर मात्र उलथन्याने हलकेच दुमडून घ्या, पीठ दिसेनासं झालं की थांबा.

नवीन पदार्थ घातला होता का

हा माझा सगळ्यात आवडता भाग. फेब्रुवारीत पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडून पेट्या यायला लागल्या की घरात द्राक्षं इतकी होतात की केकमध्ये घालायचा मोह होतोच. घालावीच. ओव्हनमधून बाहेर आलेलं गरम द्राक्ष फुटून केकमध्ये जो आंबटगोड रस मुरतो, त्याची सर बाजारच्या कुठल्याच केकला नाही. पण द्राक्षात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. मूठभर द्राक्षं मिश्रणात ढवळून टाकली की ती तळाशी जातात, तिथे पाणी सोडतात आणि मधला भाग भाजतच नाही. खड्ड्याखालचा तो शिऱ्यासारखा पट्टा इथून येतो.

खूप केक वाया घालवल्यावर जमलेली रीत सांगते. द्राक्षं अर्धी चिरायची, कापडावर पालथी घालून पाऊण तास ठेवायची. शरद जातीसारखी काळी असतील तर रंगही छान येतो. मग चमचाभर मैद्यात घोळवायची, मिश्रण टिनमध्ये ओतल्यावर वरून पसरायची आणि ढवळायचं नाही, ती आपोआप हवी तेवढी आत जातात. ओव्हन दहा अंश कमी, वेळ दहा-पंधरा मिनिटं जास्त. सहा इंची केकला १०० ग्रॅमच्या वर द्राक्षं नकोत. सुरगाण्याकडच्या स्ट्रॉबेरीलाही हाच नियम. बेदाणे भिजवले असतील तर घट्ट पिळून, पुसून.

नागलीची गोष्ट वेगळी. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्याकडे भाकरीला असतेच, आणि तिच्या केकला चॉकलेटच्या जवळ जाणारा खमंगपणा येतो. पण नागलीत ग्लूटेन नाही, म्हणजे बुडबुड्यांना धरून ठेवणारी जाळी नाही. सगळी नागली घातली तर केक बसतो तरी किंवा कापताना कोसळतो. निम्मी नागली, निम्मा मैदा किंवा गव्हाचं पीठ, आणि मिश्रण पाच मिनिटं तसंच ठेवून मग जाडी बघायची, कारण नागली पाणी सावकाश पिते. घट्ट झालं तर दोन चमचे दूध. बेकिंग पावडर या पाच मिनिटांनंतरच.

गूळ किंवा जास्तीची साखर, कंडेन्स्ड मिल्क यांचं एक लक्षात ठेवा: साखर जितकी जास्त, तितकं स्टार्चला घट्ट व्हायला जास्त तापमान लागतं. म्हणजे केक उशिरा उभा राहतो. गोड जास्त केला असेल तर वेळही जास्त द्या. दह्याच्या केकमध्ये एका कप दह्याला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. दही फार पाणचट असेल तर आधी थोडं निथळून घ्या.

इथपर्यंत येऊनही केक बसत असेल तर शंका ओव्हनवर घ्यायला हरकत नाही. पण त्याआधी एक साधा केक करा, ज्यात काहीही विशेष नाही: लोणी, साखर, मैदा प्रत्येकी १०० ग्रॅम, दोन अंडी, एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे दूध, व्हॅनिला. सहा इंची टिन, १७० अंश, ३५ मिनिटांच्या आसपास. अंडं चालत नसेल तर १९० ग्रॅम मैदा, एक कप दही, १५० ग्रॅम साखर, अर्धा कप तेल, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा. आठ इंची टिन, १८० अंश, ३५ ते ४० मिनिटं. हा साधा केक नीट आला तर ओव्हन चांगला आहे, परत मागच्या तपासण्यांकडे जा. हाही बसला तर पुढे वाचा.

ओव्हन

लहानपणी दिवाळीच्या आधी आईबरोबर जुन्या नाशकात भट्टीवर नानकटाईचं सामान घेऊन जायचो. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर, सगळं डब्यांत. भट्टीवाले काका ट्रे आत सारण्याआधी चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकायचे आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघायचे. काळा पडला तर थांबायचे. त्यांच्याकडे बटण नव्हतं, म्हणून ते रोज तपासायचे. आपल्याकडे बटण आहे म्हणून आपण कधीच तपासत नाही. घरगुती ओटीजीचं बटण आणि आतलं खरं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक मी नेहमी बघते, नव्या ओव्हनमध्येही.

चारपाचशे रुपयांत आत ठेवायचा गोल काट्याचा थर्मामीटर मिळतो. तो जाळीवर मधोमध ठेवा, बटण १८० वर, वरचा-खालचा दोन्ही रॉड (तापणाऱ्या नळ्या) चालू. एकदाच बघून निष्कर्ष काढू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारा भाग, रॉड चालू-बंद करत असतो, त्यामुळे काटा वर-खाली होतच राहतो. २०, ३० आणि ४० मिनिटांनी आकडा लिहा आणि सरासरी काढा. १६० आली तर यापुढे बटण २०० वर ठेवून पुन्हा मोजा. फरक नेहमी तेवढाच असेल तर ओव्हन दुरुस्त करायची गरजच नाही, आकडा चिकटपट्टीवर लिहून बटणाशेजारी लावा. माझ्या ओव्हनवर सहा वर्षं अशी पट्टी आहे.

आच सगळीकडे सारखी आहे का हे बघायला जाळीवर ब्रेडचे स्लाइस शेजारी शेजारी मांडा आणि १८० वर भाजा. कुठला आधी तांबूस होतो ते दिसेल. टिन मधल्या जाळीवर, भिंतींना न चिकटता. मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजायच्या सेटिंगवर, आहे ना, बघा. नुसत्या मायक्रोवेव्हवर या वेळा लागूच होत नाहीत. आणि कुकरमधला केक कितीही चांगला होत असला तरी दोष शोधायला तो घेऊ नका, आतलं तापमान मोजायची सोयच नसते.

आता विजेचं. व्होल्टेज २३० ऐवजी २०० मिळालं तर रॉडची ताकद तीन-चतुर्थांशावर येते. ओव्हन तापायला वेळ लागतो आणि दार उघडल्यावर सावरायलाही. दुपारी छान होणारा केक संध्याकाळीच बसत असेल तर तोच केक सकाळी करून बघा. खर्च शून्य, उत्तर पक्कं. आणि ओटीजी मिक्सरच्या छोट्या प्लगला किंवा एक्स्टेंशन बोर्डला लावू नका. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, छोटा प्लग सहाचा असतो. त्याला मोठ्या पिनचा १६ अँपिअरचा प्लगच हवा.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर केकचा विचार सोडा, प्लग काढा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. हा अर्थिंगचा दोष आहे, ओव्हनमध्ये किंवा घराच्या वायरिंगमध्ये. चप्पल घालून काम भागवू नका. आधी इलेक्ट्रिशियनकडून प्लगचं अर्थिंग तपासा, मग ओव्हन. ओव्हन चालू केला की एमसीबी किंवा ईएलसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो, तर तो पुन्हा पुन्हा वर करू नका. प्लग गरम होतो, पिना काळ्या पडल्यात, प्लास्टिक जळल्याचा वास येतो, तरीही तेच. रॉडला तडा गेलाय, त्याचा अर्धाच भाग लाल होतो किंवा थर्मामीटरचा काटा न थांबता वर चढत राहतो, म्हणजे थर्मोस्टॅट रॉड बंदच करत नाही. असा ओव्हन एकटा सोडून दुसऱ्या खोलीतही जाऊ नका. आणि काटा आज २० अंश कमी, उद्या ३० अंश जास्त असा मनमानी करत असेल तर चिकटपट्टीचा उपाय चालणार नाही, थर्मोस्टॅट बदलावा लागेल.

यातलं काहीही स्वतः उघडून बघू नका, घरात स्क्रू ड्रायव्हर हौसेने चालवणारे कितीही असले तरी. मायक्रोवेव्हचं मागचं झाकण तर मुळीच नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार साठून राहू शकतो. गॅसचा ओव्हन असेल आणि वास आला तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका आणि गॅस एजन्सीच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा.

मेकॅनिक आला की त्याला "केक बसतो" असं सांगू नका, त्यावरून त्याला काही कळत नाही. २०, ३०, ४० मिनिटांचे आकडे लिहिलेला कागद दाखवा. माझ्या भावाच्या ओव्हनला एकदा विनाकारण दोन्ही रॉड बदलून दिले होते. दुसऱ्या माणसाला आकडे दाखवले, त्याने दहा मिनिटांत थर्मोस्टॅट बदलला. बदललेला जुना भाग मागून घ्या. दुरुस्तीनंतर तो माणूस घरात असतानाच ओव्हन रिकामा चालवा आणि थर्मामीटर पुन्हा ठेवून बघा.

तो गेला की पहिला केक वरचा साधाच. तो नीट उभा राहिला की दुसऱ्या दिवशी द्राक्षं बाहेर काढा.